दोन्ही ब्रेक डाव्या हाताला

संघमित्रा जिना चढून आली तेव्हा नाना पत्रक मोठ्याने वाचत होते. हे तिसरं वाचन आहे, हे अमितच्या तोंडावरून कळत होतं.

"कालकथित वैशाली यांच्या प्रथम स्मृतिदिनानिमित्त पुण्यानुमोदन. सकाळी दहा वाजता बुद्धवंदना. त्यानंतर विभागातील बारा आरोग्य स्वयंसेविकांना सायकलींचे दान." नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "धम्मा, दान बरं की वाटप?"

"छापून झालंय ना, नाना," आतून धम्मपाल म्हणाला. "आता विचारून काय?"

"वाचायचं मला आहे, तेही भन्तेजींसमोर. वाटप म्हटलं की निवडणुकीसारखं वाटतं. दानच बरं."

"नाना, त्या शेवंताबाई खरंच सायकलवर बसणार?" अमितने विचारलं.

"त्या बसतील रे. सायकल उभी राहते का ते बघायचं."

अमित हसला. संघमित्रा हसली नाही. तिने चपला दाराबाहेर काढल्या, पिशवी कपाटाजवळ ठेवली आणि अमितकडे, आपल्या भावाकडे, बघत उभी राहिली.

आई गेल्यापासून या खोलीत सगळं होतं, पण मिळत काहीच नव्हतं. आत पप्पा आत्ताही ओट्यापाशी काडेपेटी शोधत होते. आई ती कुठे ठेवायची हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. नसली की ते नवी आणायचे. मागच्या आठवड्यात संघमित्राला खोलीत सात काडेपेट्या सापडल्या होत्या.

"अमित, सकाळी दुकानात कोणी बाई आली होती?"

"कोण बाई?"

"गिरगावच्या. चष्मा, सुती कुर्ता. फोनवर फोटो दाखवत होत्या."

"हां, त्या. आलेल्या. रोज दहा जण येतात, ताई."

"काय विचारलं त्यांनी?"

"सायकल हरवलीय म्हणे. मी म्हटलं, आपल्याकडे नाही आली."

"नाही आली?"

"नाही आली."

नानांनी पत्रकाची घडी घातली. पप्पांचे थोरले भाऊ, पोस्टात चौतीस वर्षं काढलेला माणूस. कोणाच्या आवाजात काय आहे ते त्यांना बंद पाकिटावरून समजावं तसं समजायचं.

"मला कोपऱ्यावर भेटल्या त्या," संघमित्रा म्हणाली. "मेडिकलवाल्याला फोटो दाखवत होत्या, म्हणून थांबले. देविका नाव. त्यांचे वडील करी रोडच्या टॉवरमध्ये राहतात, मयूर काम करतो त्याच टॉवरमध्ये. एप्रिलमध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून लेकीकडे गिरगावला आहेत. मागच्या महिन्यात ह्या सामान आणायला गेल्या तर खाली सायकल नाही. त्यांची जुनी स्वयंपाकीण इथली, घोडपदेवची. तिच्या फोनवर नानांचं पत्रक गेलं. पत्रकावर फोटो. तिने सायकल ओळखली."

"रंग दिल्यावर कशी ओळखली?" नानांनी विचारलं.

"दोन्ही ब्रेक डाव्या हाताला आहेत. वडिलांना पूर्वी अर्धांगवायू होऊन गेला, उजव्या हाताला जोर नाही. म्हणून तसं करून घेतलेलं. नाना, रविवारी ती सायकल मी स्वतः पुसली. पप्पांना विचारलंही, हे असं का. आठवतं, पप्पा?"

ओट्यापाशी काडी पेटल्याचा आवाज आला.

"आठवतं," धम्मपाल म्हणाला.

"पोलिसात जाणार का त्या?" नानांनी विचारलं.

"तसं काही बोलल्या नाहीत. फार नीट बोलल्या. मला त्याचीच भीती वाटली. 'दुकानातले म्हणाले नाही आली, मग नसेल आली,' म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी नंबर घेतला. मी कोणाची मुलगी आहे ते सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही."

ती अमितकडे वळली. "पंधरा दिवस बाहेर टांगली होतीस का ती?"

हा नियम आईचा. अमित जन्मला त्या वर्षी एका गिरणी कामगाराची चोरीला गेलेली सायकल धम्मपालच्या दुकानात रंगवलेली सापडली होती. विकणारा पळाला होता आणि रस्त्यावर शिव्या खायला धम्मपाल उरला होता. तेव्हापासून वैशालीने ठरवून टाकलं, की विकत आलेली सायकल पंधरा दिवस दुकानाबाहेर खुंटीला टांगायची. रंग नाही, पॉलिश नाही, आहे तशी. ज्याची असेल त्याला जाता-येता दिसली पाहिजे. बत्तीस वर्षांत सहा सायकली खुंटीवरून मालकांनी उतरवून नेल्या. नेणाऱ्याला वैशाली चहा पाजून पाठवायची.

"टांगली होती," अमित म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"पप्पांना विचार."

"पप्पांना मध्ये घेऊ नकोस. उद्या आईचं नाव लागणार आहे त्या सायकलींना. समजतंय तुला? त्या बायका रोज वापरतील आणि म्हणतील, वैशालीताईंची सायकल. आणि ती दुसऱ्या कोणाच्या बापाची असेल!"

"टांगली होती," धम्मपाल म्हणाला. चहा उकळत होता. त्याने गॅस बंद केला, गाळला मात्र नाही. "पंधरा दिवस पूर्ण. मी रोज बघत होतो. चला, दुकानात जाऊ."

*

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. अमित पुढे चालत होता. मागून ताईच्या चपलांचा आवाज येत होता आणि त्या आवाजातसुद्धा त्याला संशय ऐकू येत होता.

बारावीत असताना त्याने दुकानातले चार डायनॅमो विकून गोव्याला जायचे पैसे उभे केले होते. पंधरा वर्षं झाली. आईने एक थोबाडीत दिली आणि विषय संपवला. ताईने संपवला नाही. घरात काही हरवलं, की ती आधी त्याच्याकडे बघायची आणि मग शोधायला लागायची. आज खोटं तो बोललाच होता, पण स्वतःसाठी नव्हे. हे तिला सांगायला जीभ शिवशिवत होती आणि सांगता येत नव्हतं.

परवा भावजींचा फोन आला होता. भावजी म्हणजे मयूर, ताईचा नवरा, टॉवरमधला सुपरवायझर. "अमित, ती अठराव्या मजल्यावरची बाई सोसायटीत चौकशी करतेय. तुझ्याकडे आली तर नाही म्हण. आणि ते ब्रेकचं तेवढं बघ ना जरा. ताईला बोलू नकोस." भावजींनी आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. आई आजारी होती तेव्हा रात्र-रात्र हॉस्पिटलच्या बाकावर बसणारा माणूस. अमितने 'हो' म्हटलं आणि पाना घेतला.

दुकानात निळ्या रंगाच्या सायकली भिंतीला टेकून ओळीत उभ्या होत्या. नानांनी ओळीवरून बोट फिरवलं.

"अकरा आहेत."

"बारावी टायरांच्या मागे आहे," अमित म्हणाला आणि ती बाहेर काढून ठेवली.

आता एक ब्रेक डावीकडे, एक उजवीकडे. चारचौघींसारखी सायकल. धम्मपाल खाली वाकला. त्याने मुठीवरून अंगठा फिरवला. डाव्या बाजूला, लिव्हरच्या शेजारी, दोन बोटं रुंदीचा चकाकता पट्टा होता. अनेक वर्षं तिथे काहीतरी आवळून बसलेलं होतं. उजवीकडचा स्क्रू नवा कोरा होता.

"हे कधी केलंस?"

"परवा."

"कोणी सांगितलं?"

अमितने पाना उचलून खिळ्याला अडकवला.

"कोणी सांगायला कशाला पाहिजे?" ताई म्हणाली. "डोकं त्याचंच. पप्पा, आता तरी बघा. लपवलीय, बदललीय, तोंडावर खोटं बोललाय. अजून काय पाहिजे?"

"ताई, गप्प बस जरा."

"मी गप्प बसू? मी?"

"गप्प बस म्हणतोय ना! तुझ्याच भल्यासाठी सांगतोय यार!"

त्याच वेळी रस्त्यावर स्कूटर थांबली. मयूर हेल्मेट काढत आत आला. "खुर्च्यांचं झालं, नाना. मंडपवाला सकाळी आठला… काय झालं? सगळे इथे कसे?"

अमितने त्याच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. पण तेवढं पुरे झालं. अमितला कळलं, की पप्पांनी ते बघितलंय.

*

मयूरने सायकलकडे पाहिलं आणि हेल्मेट काउंटरवर ठेवलं. कोणी काही विचारायच्या आधीच त्याला दमल्यासारखं वाटलं.

"मामा, अमितची चूक नाही," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं त्याला."

संघमित्राने सायकलवरची नजर काढून त्याच्याकडे वळवली.

त्याने सांगितलं. टॉवरच्या कमिटीला तळमजल्यावरची सायकलींची जागा रिकामी हवी होती, गाड्या चार्ज करायची सोय करायला. जून महिन्यात ठराव झाला. धूळ खात पडलेल्या सायकलींना लाल फीत बांधायची, लिफ्टमध्ये नोटीस लावायची, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची. पंधरा दिवसांत कोणी फीत सोडली नाही, तर सुपरवायझरने सायकल काढून टाकायची. फिती त्यानेच बांधल्या. भंगारवाल्याला द्यायच्या त्या त्याने इथे दिल्या, सासूबाईंच्या कामासाठी. त्यात त्याने एक पैसा घेतला नव्हता.

"कागद आहे का ठरावाचा?" नानांनी विचारलं.

"आहे. सहीशिक्क्याचा."

"मग झालं तर!" नानांनी पत्रकाने वारा घेतला. "कायदेशीर आहे. नोटीस लावली, मुदत दिली. मालक नाही आला, त्याला आपण काय करणार? पोस्टातसुद्धा बेवारस पार्सलचं असंच असतं."

"मयूर," संघमित्रा हळू आवाजात म्हणाली, "अठरावा मजला बंद होता. तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"ते गिरगावला आहेत, हेही?"

"अँब्युलन्समध्ये मीच चढवलं होतं त्यांना. मनमोहन काका. आले-गेले की बोलायचे माझ्याशी." तो काउंटरच्या कडेवर बसला. "सत्तरीच्या पुढचा माणूस. आधीच हात अधू. वर खुबा मोडला. मला वाटलं, आता कुठली सायकल? लेक काही त्यांना परत एकटं राहू देणार नाही. ग्रुपवर ते नाहीतच. एक फोन करायला पाहिजे होता. करेन करेन म्हटलं. कमिटीचे लोक रोज मागे लागलेले, जागा कधी रिकामी करतोस. आणि इथे अकरा झाल्या होत्या."

"म्हणून बारावी?"

मयूरने काउंटरवरचं हेल्मेट मांडीवर घेतलं. त्याच्या मनात कंत्राट होतं. मार्चमध्ये ते संपणार होतं. चौकशी सुरू झाली, तर कमिटी ठराव दाखवेल आणि त्याच्याकडे बोट करेल. आम्ही बेवारस म्हटलं होतं, बंद घरातल्या आजाऱ्याची म्हटलं नव्हतं. मग मुलीची शाळा, घर, सगळं एका सायकलीवर.

बायको आता काय बोलेल याची तो वाट बघत होता. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, पण बोलली नानांशी.

"बारा कोणी छापलं होतं, नाना?"

"म्हणजे?"

"जुलैमध्ये पत्रकाचा मजकूर तुम्ही दिला. तेव्हा सायकली अकरा होत्या. अमित म्हणाला होता, अकराच छापा. तुम्ही म्हणालात, स्वयंसेविका बारा आहेत, एकीला रिकाम्या हाताने पाठवायचं का. तेव्हापासून ह्या दोघांच्या मागे बारावी, बारावी."

"वा गं! आता मी चोर?"

"चोर नाही म्हटलं."

"मग काय म्हटलंस? आत्तापर्यंत भाऊ चोर होता. नवऱ्याचं नाव निघालं तशी गाडी काकावर आली. आई असती तर…"

"आईला मध्ये आणू नका!"

"कार्यक्रम तिचाच आहे ना? मग कोणाला आणू?"

"नाना, सॉरी," मयूर म्हणाला. "माझं चुकलं. पण आता मार्ग काढा. ही एक सायकल मी गुपचूप त्यांच्या जागेवर नेऊन ठेवतो. कोणाला कळणार नाही. उद्या अकरा द्या. शेवंताबाईंना मी नवी घेऊन देतो."

"हे बरं आहे," नाना लगेच म्हणाले.

"हे बरं आहे," अमितही म्हणाला.

संघमित्रानेही मान डोलावली. एक मिनिटभर ते चौघं एका बाजूला होते. मयूरला हायसं वाटलं. मग त्याने सासऱ्याकडे पाहिलं.

धम्मपाल एक स्टूल ओढून सायकलीसमोर बसला होता. त्याने मागचं चाक हाताने फिरवलं. चाक आवाज न करता फिरत राहिलं.

"ही आली तेव्हा मी चेन बघितली होती," तो म्हणाला. "चेनला तेल होतं. वर धूळ, आत तेल. हब ग्रीस भरलेला. टायर नरम झालेले, पण एका जागी बसलेले नव्हते. बाकीच्या अकरांच्या चेन काठीसारख्या ताठ होत्या. त्या टाकून दिलेल्या. ही कोणी टाकलेली नव्हती. ही कोणीतरी दर आठवड्याला पुसणारी सायकल. चाळीस वर्षं हेच करतोय मी. एवढं मला आंधळा झालो तरी कळेल."

त्याने चाक पुन्हा फिरवलं.

"दोन ब्रेक एका हाताला बघितले. म्हटलं, कोणाचा तरी हात गेलेला आहे, आणि त्या माणसाने तरीही सायकल सोडलेली नाही. एवढं सगळं कळलं मला. संघमित्राने विचारलं तर म्हटलं, असतं एखाद्याचं."

"मामा, तुम्हाला वाटलं असेल की…"

"मला काही वाटलं नाही, मयूर. मी वाटूनच घेतलं नाही. पंधरा दिवस टांगली. रोज सकाळी दुकान उघडताना बघायचो, आहे का अजून. असली की बरं वाटायचं. वैशालीचा नियम पाळतोय म्हणून बरं वाटायचं." त्याने चाक थांबवलं. "वैशालीने नियम केला तेव्हा सायकली इथल्याच असायच्या. घोडपदेव, फार तर रे रोडच्या वखारीतल्या. माणूस या रस्त्याने जाणारच. आता सायकली येतात करी रोडच्या टॉवरमधून. त्या टॉवरमधला कोण माणूस आपल्या खुंटीखालून चालत जातो? पंधरा दिवस सोडा, पंधरा वर्षं टांगली असती तरी कोणी आलं नसतं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं."

"धम्मा, तू उगाच अंगावर घेतोस," नाना म्हणाले. "दुःखात माणूस घेतो."

"नाही, नाना. दुःखात मी दुसऱ्याचं उचललं. तिच्या नावाने बारा देता येतील, एवढंच दिसत होतं." तो उठला. "अमित, सहा नंबरचा पाना दे."

*

ब्रेक परत डावीकडे बसवायला धम्मपालला दहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात भांडण पुन्हा पेटलं आणि या वेळी ते त्याच्याशी होतं.

"तुम्ही स्वतः गिरगावला जाणार? आणि काय सांगणार?" संघमित्राने विचारलं.

"झालं ते."

"म्हणजे मयूरचं नाव घेणार."

"माझं घेईन. चेन मी बघितली होती."

"ते विचारणारच ना, तुमच्याकडे आली कुठून? पप्पा, जूनमध्ये पोरीच्या शाळेची फी भरलीय आम्ही. मार्चमध्ये ह्याचं कंत्राट आहे. तुमची सायकल सुटेल, आमचं घर अडकेल."

"मग मयूरने माझ्यासोबत यावं. स्वतःच्या तोंडाने सांगावं. कमिटीकडून कळण्यापेक्षा ते बरं."

संघमित्राने नवऱ्याकडे बघितलं. मयूर जमिनीकडे बघत होता. "मामा, आज नाही जमणार," तो म्हणाला. "मला थोडा वेळ द्या."

"बरं," धम्मपाल म्हणाला. त्याला राग आला नाही. त्याने स्वतः तीन महिने घेतले होते.

"आणि या अकरा?" नाना दारात उभे होते. "या तर टाकलेल्याच होत्या. आत्ता तूच म्हणालास."

"म्हणालो. पण बारावीच्या वेळी मला जे बघायचं नव्हतं ते मी बघितलं नाही. अकरांच्या वेळी काय काय बघितलं नसेल? माझ्या नजरेवर आता माझाच भरवसा नाही, नाना. या टॉवरच्या गेटवर परत उभ्या करायच्या. एकेका मजल्यावर जाऊन विचारायचं, तुमची का, आणि नको असेल तर देता का. कोणी हो म्हणालं की मग द्यायच्या."

"उद्याचं काय? भन्तेजी येणार, शंभर माणूस येणार. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

"वैशालीच्या पहिल्या स्मृतिदिनाला लोक तोंडात बोटं घालतील. चालेल तुला?"

धम्मपालने पाना पिशवीत ठेवला. त्याने सायकल रस्त्यावर काढली. अमित मागून आला, म्हणाला, मी येतो. धम्मपाल म्हणाला, तू ताईपाशी थांब. ती एकटी पडलीय.

तो सायकल चालवत गेला नाही. दुसऱ्याची होती. भायखळ्यापर्यंत हातात धरून चालला, मग पुढेही तसाच. संघमित्राने दिलेल्या नंबरवर त्याने वाटेत फोन केला होता. देविकाने पत्ता सांगितला आणि आवाज अजिबात न बदलता विचारलं, "म्हणजे आली होती तर तुमच्याकडे."

"हो."

"या."

गिरगावात तिची जुनी इमारत होती, तिसरा मजला. सायकल खांद्यावर घेऊन चढताना दर मजल्यावर एकेक दार किलकिलं झालं. दुसऱ्या मजल्यावर एका बाईने विचारलं, "कोणाकडे? सायकल कुणाची ही?" त्याने सांगितलं. बाई तो वर पोचेपर्यंत दारात उभी राहिली.

मनमोहन गॅलरीत वॉकर धरून उभे होते. उंच, वाळलेले, दाढी नीट केलेली. त्यांनी धम्मपालकडे बघितलंच नाही. सायकलकडे बघितलं.

"माझी हिरवी होती."

"खाली हिरवा आहे. खरवडला नाही, वरूनच निळा दिलाय. मी परत हिरवी करून आणून देतो."

"नको. तुमच्याकडे परत द्यायची नाही."

"बाबा," देविका म्हणाली.

"का? बरोबर बोलतोय मी. एकदा गेली ती कशी गेली ते अजून कळायचंय." म्हाताऱ्याने वॉकर एक पाऊल पुढे सरकवला. "किती मागताय?"

"काही नाही."

"मग आणलीत कशाला?"

धम्मपालने सांगितलं. नोटीस, लाल फीत, चेनचं तेल, पंधरा दिवस. टॉवरमधून सायकल काढणारा त्याचा जावई होता, हेही सांगितलं, कारण ते सोडून सांगायला गेला तर गोष्ट उभीच राहीना. मयूरला द्यायचा वेळ आपण दिला नाही, हे बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. संघमित्रा बोलणं टाकेल. टाकू दे म्हणायची त्याची छाती नव्हती, तरी तो थांबला नाही. मुलाने सकाळी खोटं सांगितलं, त्याची माफी मागितली.

"मयूर?" मनमोहन म्हणाले. "तो आपला मयूर? माझ्या स्ट्रेचरला हात लावणारा?"

"तोच."

"त्याच्याकडे माझा नंबर होता."

"हो."

म्हातारा वॉकर ढकलत सायकलीपर्यंत आला. मग त्याने डावा हात मुठीवर ठेवला आणि दोन्ही लिव्हर एकामागून एक दाबल्या. "उलटे लावलेत. पुढचा ब्रेक आतल्या बाजूला असतो माझा. असा दाबला तर मी तोंडावर पडेन."

धम्मपालने पिशवीतून पाना काढला आणि गॅलरीतच खाली बसला. म्हातारा त्याच्या हाताकडे बघत राहिला. गिऱ्हाईक मेकॅनिककडे बघतं तसं, एक स्क्रूही नजरेतून न सोडता. धम्मपालला त्याचं बरं वाटलं. वर्षभर त्याच्याकडे सगळे सांभाळून बघत होते. हा माणूस तसा बघत नव्हता.

"उद्या तुमचा कार्यक्रम आहे ना?" देविकाने विचारलं. "पत्रकावर वाचलं. मिसेस तुमच्या."

"हो. वर्ष होतंय."

"मग सायकली देणार उद्या? बाकीच्या?"

"नाही. लोक येतील. त्यांना सायकली का नाहीत ते सांगायचं आहे."

"त्यांच्या स्मृतिदिनाला हे सांगणार? त्यांच्या नावाने?"

धम्मपालने तार ओढून धरली, स्क्रू आवळला. "त्यांच्या नावाने द्यायला आज माझ्याकडे तेवढंच आहे," तो म्हणाला.

मनमोहननी पुन्हा दोन्ही ब्रेक दाबून बघितले. एकदा, दोनदा. चाक फिरवायला लावलं आणि थांबवलं. मग वॉकरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"तुम्ही जुलैमध्ये फोन करून मागितली असतीत," ते म्हणाले, "तर मी दिली असती. तेव्हा मला वाटत होतं, मी परत उभा राहणार नाही. एखाद्या बाईच्या नावाने जाते, जाऊ दे म्हटलं असतं. आता नाही देणार."

"नका देऊ," धम्मपाल म्हणाला आणि पाना पिशवीत टाकला.